देवदूतांची मजुरी

बॅरन गास्पार यांच्या तळघराला भलंमोठं कुलूप होतं, तरी आतली ब्रँडी दरवर्षी कमी होत होती. ओकच्या लाकडाची पिंपं गच्च बंद असायची, पण उघडून पाहावं तर वरची दोन बोटं रिकामी!

फ्रान्समधल्या त्या द्राक्षमळ्यावर बॅरनचं घराणं नऊ पिढ्या वाइन करत आलं होतं आणि मळ्यातल्याच भट्टीत ब्रँडी गाळत होतं. म्हणजे गाळायचे नोकर. घराणं बाटलीवर नाव घालायचं.

तळघर सांभाळणारा म्हातारा फिर्मँ म्हणाला, “सरकार, ती लाकडातून हवेत उडते, तो देवदूतांचा वाटा. आम्ही पहिल्यापासून तसंच म्हणतो.”

बॅरनना देवदूतांविषयी आदर होता, पण तो रविवारी, चर्चमध्ये. फुकट पिणारा कुणीही, त्याला पंख असोत वा नसोत, त्यांना चोरच वाटे. त्यांनी फिर्मँच्या कमरेच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि हुकूम सोडला: भट्टीतून आलेली यंदाची ताजी ब्रँडी पुढच्या द्राक्षतोडणीपर्यंत थेंबभरही कमी होता कामा नये. झाली, तर चोर फिर्मँच, आणि त्याने म्हातारपणी दुसरं छप्पर शोधावं.

फिर्मँची मुलगी सोलांज बॅरनच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिच्या हातातल्या सुरीपेक्षा तिची जीभ जास्त चाले. ती पुढे होऊन म्हणाली की ब्रँडी मी राखते, पण कशी राखायची ते मी ठरवणार, आणि तोडणीच्या मेजवानीत सरकारांनी पाहुण्यांना तीच पाजायची. बॅरन लगेच कबूल झाले.

सोलांजने काचेच्या मोठमोठ्या बरण्या मागवल्या, गळ्यापर्यंत भरल्या आणि झाकणं मेणाने बंद केली. फिर्मँने कपाळाला हात लावला. “अगं, ब्रँडी कुणी काचेत मुरवतं का?”

“बाबा, हुकूम थेंबांचा आहे, चवीचा नाही.”

वर्ष सरलं. मेजवानीत मेण फोडलं, तर बरण्या काठोकाठ! नऊ पिढ्या लुटल्या गेल्या, शेवटी मीच बंदोबस्त केला, असं बॅरन प्रत्येक पाहुण्याला सांगत सुटले. बिशपसाहेबांनी पेला हातात घेतला आणि ओठाला लावण्याआधीच घराण्याच्या जुन्या चवीचं कौतुक सुरू केलं. मग ते प्याले. चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि कौतुक घशातच अडकलं. पेल्यातली ब्रँडी पाण्यासारखी बिनरंगाची होती आणि घसा जाळत उतरत होती.

“ही माझी ब्रँडी?” बॅरन कडाडले.

“तीच, सरकार. एक थेंब कमी नाही.”

“मग तो सोनेरी रंग कुठे गेला? तो वास?”

“ते देवदूतांचं काम, सरकार. लाकडाच्या पिंपात ते वर्षानुवर्षं राबतात आणि मजुरी म्हणून दोन बोटं ब्रँडी नेतात. तुम्ही मजुरी बंद केलीत, त्यांनी काम बंद केलं.”

बॅरननी पेल्यातला एक घोट स्वतः घेऊन पाहिला आणि तोंड वाकडं केलं. मग हळूच विचारलं, “आता रुसलेल्या देवदूतांना परत बोलवायचं कसं?”

“ब्रँडी पिंपात भरा. ते तुमच्या पाहुण्यांसारखेच आहेत, सरकार. बोलवावं लागत नाही.”

आधी बिशपसाहेब खोकत खोकत हसले, मग बॅरन इतके हसले की त्यांचा केसांचा टोप कानावर आला. तो सावरत त्यांनी सोलांजला भट्टीचा कारभार दिला, आणि फिर्मँच्या कमरेला किल्ल्या स्वतःच्या हाताने बांधल्या.