भाकरटेपावरचं टाकं

पाण्यात पाय घालू नका हां. आधी हात जोडा, ओंजळभर प्या, आणि मग बसा निवांत. कितीही ऊन असो, या टाक्याचं पाणी गारच असतं. आणि काठाशी ते गोल, चपटं दिसतंय ना, त्यावर तेवढं टेकू नका. आहे दगडच, पण आम्ही त्याला दगड म्हणत नाही, भाकरी म्हणतो. वाकून पाहा, कडेला बोटं उमटलीत, परातीत थापताना उमटतात तशी. तिच्यावरूनच या टेकडीला भाकरटेप म्हणतात.

सकाळी आमच्याकडे न्याहारी झाल्यावर माझा लेक ताटावरून उठताना बायकोला "पोचलं" म्हणाला, तर तुम्ही हसलात. हसा बापडे. नव्या माणसाला हसू येतंच. पण आमच्या वाकणवाडीत ती चाल या दगडापासून पडली, असं सांगतात.

फार जुनी गोष्ट. तेव्हा म्हणे इथे टाकं नव्हतं, नुसता उघडा कातळ. पावसाळ्यात त्यावरून धो धो पाणी वाहून जायचं, आणि होळी झाली की खाली वाडीत घोटभर पाण्याची मारामार. बाया खिंड उतरून नदीवर जायच्या, हंडा घेऊन खिंड चढायच्या. एका साली पावसानं दगाच दिला. गाव बसलं आणि ठरलं, मृगाच्या आत टेपावर टाकं खोदायचं. नाही झालं तर वाडी उठवायची. काम आलं राणू पाथरवटाकडे. वाडीत छिन्नी धरणारं ते एकच घर.

राणूच्या हाताला यश होतं. सकाळी टेप चढायचा तो दिवेलागणीला उतरायचा. दुपारी त्याची बायको साळू डोक्यावर पाटी घेऊन वर यायची. पाटीत नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, कांदा. राणू खायचा, हात धुवायचा, छिन्नी उचलायचा. चांगलं म्हटलं नाही, वाईट म्हटलं नाही. श्वासाला कुणी रामराम घालतं का? तसंच ते.

मध्येच त्याला पलीकडच्या मोठ्या गावातून देवळाच्या पायऱ्या बसवायचं बोलावणं आलं. तिथे रोज पंगत. पुरणपोळी, वर तुपाची धार, यजमान स्वतः आग्रहाला उभा. माणसाची जीभ मोठी बेइमान असते बघा. राणू परत आला, पण जीभ तिकडेच राहिली.

आल्यावर पुन्हा टेपावर गेला. दुपारी साळू आली. कातळावर पाऊल ठरत नव्हतं असं ऊन. तिनं पाटी उतरवली, फडकं सोडलं. नाचणीची भाकरी, पिठलं, कांदा.

"रोज रोज हेच का गं?" राणू खेकसला. "दगड फोडतो म्हणून दगडच खाऊ व्हय मी?" आणि भाकरी उचलून त्यानं भिरकावली. ती पडली इथे, या काठाला.

साळू ओरडली नाही की रडली नाही. चुंबळ डोक्यावर ठेवली, पाटी उचलली आणि जाता जाता एवढंच बोलली, "पोचलं न्हाई म्हनायचं तुमास्नी."

हा शाप नव्हता बरं का. काही लोक शाप म्हणून सांगतात, पण मला ते पटत नाही. मन दुखलं आणि तोंडून निघून गेलं. शाप द्यायला तिला सवड तरी कुठे होती, घरी गोठा झाडायचा पडला होता.

पण त्या दिवसापासून राणूला खाल्लेलं अन्न पोचेना. जेवायचा, पोट टम्म व्हायचं, आणि भूक होती तिथेच. साळूनं राग गिळला आणि होतं नव्हतं ते रांधलं. गोडाचा सांजा केला, कोंबडं कापलं. शेजारणींनी झाकून ताटं आणली. सगळं खाऊन राणू आपला उपाशीच. खांदे उतरले, गालफडं बसली. एक दिवस हातातला हातोडाच गळून पडला, तो काही त्याला पुन्हा उचलवेना. टाकं होत आलं होतं. राहिली होती ती पन्हळ, पावसाचं पाणी ज्यातून टाक्यात उतरणार ती. ती झाली नाही तर पाणी आपल्या जुन्या वाटेनं निघून जाणार. मृग तर तोंडावर आलेला. घराघरातून भांड्यांची बोचकी बांधायला सुरुवात झाली होती.

राणू घरात मेढीला टेकून बसला आणि ओक्साबोक्शी रडला. "वाडी उठतीया साळे. माझ्यापायी उठतीया."

साळू पाथरवटाचीच लेक. लहानपणी बापाच्या हाताखाली तिनं दगड फोडलेला. तिनं छिन्नी-हातोडा उचलला.

"माझ्यासाठी जातीस?" त्यानं विचारलं.

"तुमच्यासाठी न्हवं. हंडा माझ्या डोक्यावर हाय." मग उंबऱ्यातून वळून म्हणाली, "दुपारी मला भूक लागंल. बघा काय जमतंय ते."

ती गेली आणि राणू उठला. मडक्यात पीठ नव्हतं, म्हणून जात्याला बसला. ते जातं त्याच्या बापानं घडवलेलं. दगड झिजून गुळगुळीत झाला की छिन्नीनं त्याला टाकी लावावी ती राणूनंच. पण ते ओढावं कसं लागतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. दंड भरून आले तेव्हा कुठे ओंजळभर पीठ पडलं. पाणी होतं अर्धा हंडा, साळूनं खिंड चढून आणलेलं. त्यातलं थेंबभर सांडलं तसा तो चरकला. चूल पेटेना. फुंकून फुंकून डोळ्यांतून पाणी आलं. नाचणीचं पीठ आधी उकडून घ्यायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. गार पाण्यात मळलं, थापायला गेला तर चिराच चिरा. तव्यावर टाकताना भाकरी मोडली. गोळा करून पुन्हा थापली, पुन्हा मोडली. शेवटी झाली ती एकीकडे करपलेली, एकीकडे कच्ची. पिठल्यात नुसत्या गुठळ्या.

आणि तिथे चुलीपुढे त्याच्या काळजात लख्ख झालं. हे ती रोज करते. पाणी आणून, शेणगोठा करून, हे सगळं करून ती टेप चढते. रोज. आणि आपण ते एका हिसड्यात फेकून दिलं! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं त्याला.

धाप टाकत, बसत उठत तो पाटी घेऊन वर आला. काठाशी त्याची फेकलेली भाकरी तशीच पडलेली. कावळ्यानं टोचली नव्हती, मुंगी लागली नव्हती. उचलायला गेला, तर दगड. जन्मभर दगडाची जात ओळखणारा राणू, पण हा दगड कुठल्या जातीचा हे काही त्याला कळेना.

त्यानं साळूपुढे फडकं सोडलं आणि मान खाली घालून बसला. चांगली झाली का, हे विचारायचीही लाज वाटत होती. साळूनं घास घेतला. करपलेला भाग दाताखाली करकरला. ती खात राहिली. भाकरी संपवली, गुठळ्या संपवल्या, फडक्यावरचा चुरा वेचून तोंडात टाकला. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या मिशीला पीठ लागलं होतं, बोटं पोळलेली होती.

"पोचलं," साळू म्हणाली.

आणि राणूचं पोट भरलं. सकाळपासून त्याच्या तोंडात कण गेला नव्हता, तरी त्याला भरल्या पोटाचा ढेकर आला म्हणे! मग तो जो रडला तो काही विचारू नका. साळूनं रडू दिलं थोडं. मग म्हणाली, "उठा आता. पन्हळ ऱ्हायलीया."

एका टोकानं ती, दुसऱ्या टोकानं तो. पन्हळ झाली, मृग लागला आणि टाकं भरलं. वाडी उठली नाही. कुणी म्हणतात, साळूनं तो शब्द उच्चारला तेव्हाच कातळातून झरा फुटला. माझी सासू म्हणायची, झराबिरा काही नाही, दोघांनी हाडं झिजवली म्हणून पाणी आलं. सासूशी माझं कधी पटलं नाही, पण एवढं पटतं.

आजही मृगाच्या आदल्या दिवशी वाडीतले बाप्ये दळतात, चूल पेटवतात, भाकऱ्या थापून टेपावर आणतात. आम्ही बाया या काठाला बसून खातो आणि ते समोर उभे राहतात, आम्ही म्हणेपर्यंत. काहीजणी मुद्दाम सावकाश चावतात. पक्वान्न इथे चालत नाही, रोजचंच लागतं.

आणि आजही वाकणवाडीत जेवणारा "पोचलं" म्हटल्याशिवाय ताटावरून उठत नाही, आणि घरातल्या प्रत्येक ताटावरून ते ऐकल्याशिवाय रांधणारी स्वतः घास घेत नाही. मग घरचा असो की पाहुणा.

चला, उठा. ऊन डोक्यावर आलं. सकाळी तुम्ही हसत हसत तसेच उठलात, आणि माझी सून अजून उपाशी बसलीय.