गुळवे सरांचं ठरलेलं उदाहरण

नाशिकच्या एका इंग्लिश स्पीकिंग क्लासमध्ये गुळवे सर 'हू कॅनॉट' शिकवताना उदाहरणाला वर्गातलंच कुणीतरी उभं करायचे. सहा महिने ते कुणीतरी म्हणजे वृषालीच: 'ही ती मुलगी, जिला इंग्रजी बोलता येत नाही!'

शेवटी तोंडी परीक्षा आली. सर्टिफिकेट मिळालं तरच तिला हॉटेलात रिसेप्शनची नोकरी होती.

"'हू कॅनॉट'ची दोन वाक्यं सांग," सर म्हणाले. "एक तर तुझं पाठच असेल."

वर्ग खिदळला. वृषाली न अडखळता इंग्रजीत बोलली, "मी ती मुलगी, जिला इंग्रजी बोलता येत नाही. हे ते सर, ज्यांना सहा महिन्यांत मला ते शिकवता येत नाही."

आता नापास करावं, तर दुसरं वाक्य सरांच्याच सहीने खरं ठरणार. त्यांनी सर्टिफिकेट दिलं.

ते घेताना वृषालीला 'थँक्यू' मात्र म्हणता आलं नाही.