थंड चुलीसमोरचा यजमान

तोबा सरोवराच्या एका अरुंद खाडीवर लुंबान गारांग हे बाताक लोकांचं लहानसं गाव आहे. दोन्ही टोकं होडीसारखी वर गेलेली छपरं, भोवती बांबूचं दाट कुंपण, मागे कांद्याचे वाफे आणि पुढे नजर पोचेल तिथवर पाणी. या गावात पूर्वजांची हाडं वर काढायचा सोहळा असला की दुपार टळेपर्यंत चूल पेटत नाही. रेडा कापलेला असतो, तांदूळ धुतलेले असतात, सोयरे चटयांवर बसून भुकेने चुळबुळत असतात आणि यजमान मात्र डोक्याचं फडकं हातात घेऊन थंड चुलीसमोर उभा असतो. बाहेरून आलेल्यांना वाटतं, लाकडं आणायला कोणीतरी विसरलं. मग चुलीपाशी बसलेली ओम्पु लासमा, म्हणजे लासमाची आजी, त्यांना जवळ बसवून घेते आणि रुमिंताची गोष्ट सांगते. सांगताना तिचा आवाज चढत जातो. कित्येक पिढ्या उलटल्या, पण या गोष्टीतला राग काही उतरलेला नाही.

बाताकांची रीत अशी की माणूस गेला की आधी मातीत पुरायचा. पुढे कधीतरी, घराला ऐपत आली की, त्याची हाडं उकरून काढायची, लेकींनी ती लिंबाच्या आणि हळदीच्या पाण्याने धुवायची आणि उंचावरच्या दगडी थडग्यात ठेवायची. तेव्हा कुठे तो पूर्वज होतो. जो मातीतच राहिला त्याला कोणी हाक मारत नाही, असं सांगतात.

रुमिंता या गावची लेक. तिच्या आईला सगळे नाइ रुमिंता म्हणत, म्हणजे रुमिंताची आई. पोर झालं की तिकडे आईबापांना पोराच्याच नावाने ओळखतात. पण या आईला पुढे मुलगा झाला नाही. म्हणून बापाने दुसरी बायको केली, तिला मांगातास झाला, आणि त्या दिवसापासून बाप स्वतःला मांगातासचा बाप म्हणवून घेऊ लागला. पहिलीची चटई घरातून धान्याच्या कोठाराखाली गेली. त्याच बाईने मांगातासला पाठीशी बांधून वाढवलं, कारण त्याच्या आईचं दुखणं कधी सरलंच नाही. आणि नाइ रुमिंता मेली तेव्हा बापाने तिला काठावरच्या भुसभुशीत मातीत पुरलं. दर पावसाळ्यात सरोवर तो काठ थोडा थोडा खात होतं.

रुमिंता लग्न होऊन खाडीपलीकडे गेली होती. माहेरी येताना दर वेळी तिची नजर आधी त्या काठाकडे जाई. भाऊ मोठा झाला, त्याचे रेडे वाढले, त्याच्या शब्दाला वजन आलं. तो एक दिवस हाडं वर काढील, या एका आशेवर ती थांबली होती.

आणि एक दिवस निरोप आला. मांगातास मोठं थडगं कोरवून घेतोय. माहेरच्या साऱ्या लेकींनी नवऱ्यांसह यावं आणि चुली सांभाळाव्यात. ही पण रीतच. यजमानाने आपल्या घरच्या सोहळ्यात पळी धरायची नाही, रांधायचं काम लेकी-जावयांचंच. रुमिंताने आईच्या हाडांसाठी स्वतःच्या मागावर उलोस विणलं होतं, लाल-काळ्या धाग्यांचं, गुंडाळायचं वस्त्र. ते, लिंबं आणि हळद टोपलीत घालून ती होडीत बसली.

गावात पोचली तर खड्डे दोनच उकरलेले. एक बापाचा, एक मांगातासच्या आईचा.

"आणि माझी आई?" तिने विचारलं.

बाताक भाऊ-बहीण एकमेकांना इतो म्हणतात. मांगातास म्हणाला, "इतो, ज्यांनी या घराला वंश दिला त्यांनाच वर घ्यायचं असं ठरलंय. थोर माणसं आलीत, आता हा विषय नको. तू चुलीकडे बघ."

रुमिंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चटयांवर बसलेल्या एकूण एक म्हाताऱ्याने नाइ रुमिंताच्या हातचा भात खाल्ला होता. सगळे मूग गिळून बसले. एकाने तर सुपारी मागितली म्हणे! भावाने सांगितलं होतं ना चुलीकडे बघ, मग रुमिंता चुलीकडेच गेली. पाण्याचा हंडा उचलला आणि पहिल्या चुलीवर ओतला. मग दुसऱ्या. बाकीच्या लेकींनी एकमेकींकडे पाहिलं आणि उरलेल्या चुली त्यांनीच विझवल्या. मग साऱ्याजणी हात बांधून खाली बसल्या, आणि त्यांचे नवरे त्यांच्या मागे.

मांगातासने आधी हसण्यावारी नेलं. मग दटावलं, मग शिव्या दिल्या. कोणी हललं नाही. ऊन चढलं, मांसावर माश्या घोंगावू लागल्या. चटयांवर त्याचे मामा बसले होते. मुलगी देणाऱ्या घरची माणसं बाताकांत सगळ्यात मानाची. त्यांना उपाशी उठवणं म्हणजे जन्माचं तोंड काळं होणं. मांगातासच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी तो स्वतःच चुलीशी वाकला आणि फुंकर मारू लागला. स्वतःच्या सोहळ्यात यजमान चूल फुंकतोय, हे पाहून म्हाताऱ्यांनी माना फिरवल्या.

आणि लाकडं पेटेनात. कोठाराखालची खडखडीत वाळलेली लाकडं आणली, तीही पेटेनात. म्हणतात की सरोवरावरचा वारा त्या क्षणी पडला, आणि निघाला तो सगळा धूर वर न जाता अंगणात बसून राहिला. चटयांवरची माणसं खोकून बेजार झाली, डोळे चोळू लागली. लेकी बसल्या होत्या तिथे मात्र धुराचा लवलेश नव्हता. तेव्हा थोरला मामा उठला आणि म्हणाला, "भाच्या, ज्या बाईच्या पाठीवर तू वाढलास तिला पाण्यात सोडून आम्हाला जेवायला बोलावलंस? तिला आण, नाहीतर आम्ही होड्या सोडतो."

मांगातास उठला. डोक्याचं फडकं काढून रुमिंतासमोर उभा राहिला. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? माती तिकडे आहे."

त्याने तो काठ स्वतःच्या हातांनी उकरला. कुदळ त्याला कोणी दिली नाही. एकेक हाड रुमिंताने लिंबाच्या पाण्यात धुतलं, हळद लावली, उलोसात गुंडाळलं आणि गाठोडं डोक्यावर घेतलं. मांगातासने मोठ्या थडग्याचं झाकण सरकवून दिलं आणि म्हणाला, "आबांच्या शेजारी जागा आहे."

"त्यांच्या शेजारी बसायला आता ती रिकामी नाही," रुमिंता म्हणाली. बाजूला एक लहान, सुबक कोरलेलं थडगं होतं. "हे कोणासाठी?"

ते मांगातासने स्वतःसाठी करवून घेतलं होतं. रुमिंताने उत्तराची वाट पाहिली नाही. आईला तिने त्यात ठेवलं, आणि मोठ्या थडग्याकडे पाठ होईल असं ते फिरवून घेतलं. मग ती चुलीपाशी आली आणि एका फुंकरीत जाळ केला, असं सांगतात.

मांगातास पुढे म्हातारा होऊन वारला. त्याचं थडगं नाइ रुमिंताला गेलेलं, म्हणून त्यालाही त्याच काठावर पुरलं. पुढच्या सोहळ्याला त्याचा मुलगा चुलीसमोर येऊन उभा राहिला आणि त्याने लेकींना विचारलं, "कोणी मागे राहिलंय का?" लेकींनी बरीच नावं घेतली. बापाचं नाव येईल म्हणून तो ताटकळत राहिला. ते आलं नाही.

आजही लुंबान गारांगात प्रत्येक यजमान चुलीसमोर उभा राहून हाच प्रश्न विचारतो. लेकी आठवून आठवून नावं घेतात. बाळंतपणात गेलेल्या, नांदवल्या न गेलेल्या, कोणाच्या वंशात न धरलेल्या. वेड्याचं घेतात, चोराचंही घेतात, आणि त्या साऱ्यांना वर काढायचं वचन मिळाल्याशिवाय काडी ओढत नाहीत. मांगातासचं नाव मात्र अजून कोणी घेतलेलं नाही. आणि तो काठ तर पाण्याने केव्हाच नेला.