तिरप्या पट्टीची दोन मापं

अवजारांना तोंड होतं त्या काळची गोष्ट. सुताराच्या फळीवर सागाची एक छोटी पट्टी तिरपी पडली होती. काटकोन मापणाऱ्या थोरल्या गुण्याने सरळ बसून तिला मापलं. "आडवी चार बोटं, उभी तीन."

पट्टीच्याच रेषेत तिरपा बसलेला धाकटा गुण्या म्हणाला, "छे हो दादा! आडवी पाच, उभी शून्य."

"मापं जुळत नाहीत, म्हणजे पट्टीच खोटी. चुलीत घालू!" यावर मात्र दोघांचं तत्काळ एकमत झालं.

पट्टी विनवू लागली, "दादा, एकदा धाकट्यांसारखे तिरपे बसून बघा ना."

थोरला कुरकुरत वळला. "आडवी पाच, उभी शून्य." मग खाकरून म्हणाला, "बघ, धाक दाखवताच कशी सुधारली!"

तसूभरही न हललेली पट्टी म्हणाली, "आपलीच कृपा, दादा."