धुरासैणचा मोकळा ठोका

ऋजू पुन्हा बोलेल की नाही, या काळजीने रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. बाकी सगळे झोपले होते. आमच्या घरात काळजीचं खातं माझ्याकडे आहे, त्यामुळे इतरांना झोप चांगली लागते.

झालं होतं ते असं. कुमाऊंच्या डोंगरात धुरासैण नावाचं गाव आहे. तिथे आम्ही बर्फ बघायला गेलो आणि बर्फाने परतीचा रस्ताच बंद केला. संध्याकाळी भुरभुर बर्फ पडत असताना एकाएकी सगळी दरी जांभळट उजळली आणि धान्याचं पोतं माळ्यावरून पडावं तसा एकच धप्प आवाज झाला. पावसातला गडगडाट कसा लांबत जातो, तसा हा लांबला नाही. बर्फाने तो गिळूनच टाकला. बर्फ पडताना वीजही होते, हे मला माहीतच नव्हतं. ते पचवायच्या आत गावातल्या घराघरांतून थाळ्या वाजू लागल्या. चार वर्षांची माझी ऋजू, जी झोपेतसुद्धा बडबडते, ती माझ्या कुशीत शिरली आणि गप्प झाली. जेवली, दूध प्यायली, पण तोंडातून शब्द नाही.

"घाबरलीये गं. उद्या बोलेल," माझा नवरा शिरीष म्हणाला. "आणि एक दिवस शांत मिळतोय, तर मिळू दे की."

माझं शिक्षण अशा वेळी एवढंच करतं, की भीतीला मोठमोठी नावं पुरवतं. पहाटेपर्यंत मी त्यातली बरीच आठवून काढली होती.

सकाळी उघडीप झाली. तेव्हा दिसलं, की गावातल्या प्रत्येक दाराच्या चौकटीला एक खिळा आहे आणि खिळ्याला काशाची थाळी टांगलेली आहे. ठोकून ठोकून कडा चेपलेली. ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो त्या चंचला आमा, म्हणजे चंचला आजी, चुलीपाशी बसल्या होत्या. मी जरा तक्रारीच्याच सुरात विचारलं, "आमा, विजेने पोर घाबरली ते घाबरलीच. वर तुम्ही थाळ्या कशाला बडवल्यात?"

"बस सूनबाई," त्या आपल्या पहाडी हिंदीत म्हणाल्या. "न वाजवूनही बघितलंय एकदा गावाने."

चहाचे पेले पुढे सरकवून त्यांनी सांगितलं ते हे. मी ते तसंच मराठीत ऋजूच्या कानात सांगत गेले. बोलत नाही तर निदान ऐकू तरी दे, म्हणून.

फार पूर्वी धुरासैणचा नेम याच्या बरोबर उलटा होता, असं सांगतात. पावसात गरजतात ते ढग, पण बर्फात गरजतो तो शिखरावरचा देव. तो स्वतः ढोल वाजवतो, अशी गावाची श्रद्धा. आणि देव वाजवत असताना माणसाने आवाज करायचा नाही. दारं लावून घ्यायची, विस्तव राखेखाली झाकायचा, कुत्र्याचंसुद्धा तोंड धरून बसायचं.

गावाच्या अगदी खालच्या टोकाला ढोल्याचं, म्हणजे ढोल वाजवणाऱ्याचं, घर होतं. त्याचं नाव कलिया, बायकोचं खिमुली. कलियाच्या ढोलावाचून गावात लग्न लागत नसे, आणि पंगतीत मात्र त्याला सगळ्यांच्या शेवटी, लांब बसवत. हे सांगताना आमांनी चुलीवरची नजर उचलली नाही. कलियाच्या डाव्या हाताचं एक बोट कोयत्याखाली गेलं होतं. त्यामुळे दर चौथा ठोका त्याच्या हातून हटकून निसटायचा. लोक चिडवायचे, "कलियाच्या ढोलावर नवरदेवाची घोडीसुद्धा लंगडते!"

एका हिवाळ्यात तो डोंगराच्या धारेपलीकडे लग्नात वाजवायला गेला. लाडू मिळतील म्हणून लेक मागे लागली, तिलाही त्याने पाठुंगळी घेतलं. परतताना धारेवर बर्फाने गाठलं. वाट बुजली. एका अंगाला गाव आणि दुसऱ्या अंगाला कडा, एवढं त्याला ठाऊक होतं; पण कुठलं अंग कुठलं, तेच कळेना. खडकाच्या आडोशाला बसून त्याने लेक आणि ढोल एकाच घोंगडीत घेतले. दोघांतलं कुणीही भिजलं तर गप्प होणार, असं तो पुढे सांगायचा म्हणे. मग तो ढोल वाजवू लागला. कुणीतरी ऐकेल, उलट हाक देईल, त्या रोखाने उतरू, एवढीच आशा.

गावाने ऐकलं. पण नेमकी त्याच वेळी वीज लखलखली होती, आभाळ गरजलं होतं. गावाला वाटलं, देवाने ढोल घेतला. दारं लागली, विस्तव झाकले गेले. तो जितका जोरात वाजवी, तितकं गाव अधिक गप्प होई.

खिमुलीनेही दार लावलं होतं. ती आतून फळीला कान लावून बसली होती. नवरा आणि लेक बाहेर, आणि तोंडातून हाक काढायची चोरी. ढोल ऐकता ऐकता तिच्या ध्यानात आलं, की ठोके तीन पडतात आणि चौथा पडत नाही. पुन्हा तीन, पुन्हा चौथा नाही.

ती उठली. "हा देव नव्हे," ती म्हणाली. "देवाचा हात कशाला चुकेल? हा आमचाच आहे, चुकणारा!"

चुलीमागची थाळी उचलून ती अंगणात आली आणि बर्फात उभी राहून वाजवू लागली. गावचा पधान, म्हणजे आपल्याकडचा पाटील, दाराच्या फटीतून ओरडला, "खिमुली, बंद कर ते! देव कोपेल, गाव गाडून टाकेल!"

"कोपला तर सांगा त्याला, थाळी खिमुलीची होती म्हणून," ती न थांबता म्हणाली. "तुमची दारं तर लावलेलीच आहेत!"

पुन्हा वीज चमकली. पुन्हा धप्प झालं. आता बर्फाचा कडा कोसळणार म्हणून गावाने डोळे मिटून घेतले. कोसळलं काहीच नाही. उलट वरचा ढोल थांबला, जरा सरकला आणि आधीपेक्षा जवळ वाजू लागला.

पहिलं दार उघडलं ते पधानाच्या म्हाताऱ्या आईने. "देव आता माझं काय वाकडं करणार? दात तर आधीच नेलेत," असं म्हणत ती आपली थाळी घेऊन बाहेर आली. मग शेजारच्या घराचं दार उघडलं, मग त्याच्या शेजारचं. सगळं गाव वाजू लागलं आणि त्या आवाजाचं बोट धरून कलिया धार उतरला. भुवया पांढऱ्या, दाढी पांढरी. खिमुलीने घोंगडी उघडली तर आत लेक लाडू खात होती.

पधान मान खाली घालून आला. थाळीकडे बघून म्हणाला, "इतकी वर्षं देव ढोल वाजवून विचारत असेल, घरी सगळे पोचले का? आणि आपण दारं लावून घेत होतो." ही त्याला झालेली उपरती होती की पळवाट, ते आमांनाही सांगता येईना. "पळवाट असली तरी गावाकडेच आली ना," त्या म्हणाल्या.

आजही धुरासैणमध्ये बर्फ पडताना गरजलं, की घराघरांतून थाळी वाजते. तीन ठोके, आणि चौथ्याला उचललेला हात हवेतच थांबवायचा, म्हणजे माणूस वाजवतोय हे ऐकणाऱ्याला कळतं. मुलांना आधी तो मोकळा ठोकाच शिकवतात. घरचे सगळे घरी असतील, तर थोडं वाजवून थांबायचं. कुणी बाहेर असेल, तर त्या घराने थांबायचं नाही, आणि त्याच्यासाठी मग गावानेही नाही. काल गाव लवकर थांबलं होतं. ती चांगली बातमी होती आणि मी तीसुद्धा घाबरून ऐकली होती.

"तुमची पण वाजवली मी," आमा म्हणाल्या. "पाहुणे घरातच आहेत, असं कळवलं."

शिरीष हसला. मला मात्र उगाचच भरून आलं. ऋजूने तोंडातला अंगठा काढला, आमांकडे नीट बघितलं आणि म्हणाली,

"पण देवाच्या घरी सगळे आले का? त्याला कुणी विचारलं?"