कारभाऱ्यांची झोप

सोनवळ संस्थानात कारभारी रंगरावांच्या शब्दापुढे कोणी जात नसे. नवी बग्गी वळेना, म्हणून त्यांनी तांबट आळीतला जुना कडुनिंब तोडायचा हुकूम दिला.

त्या निंबासमोरच यमुनाक्काचं घर होतं. तिच्या नवऱ्याला दमा होता. पत्र्याच्या घरात तो तडफडायचा. निंबाखाली खाट टाकली की त्याची धाप कमी व्हायची.

भर दुपारी रंगराव जातीने हजर झाले. लाकूडतोडे यायचे होते. कारभाराच्या काळजीने कित्येक रात्री जागून तांबारलेले त्यांचे डोळे पाहून यमुनाक्काला दयाच आली.

"उन्हात कशाला उभे राहता? टेका जरा," म्हणत तिने निंबाखाली नवऱ्याच्या खाटेशेजारी घोंगडी अंथरली.

रंगराव टेकले आणि बघता बघता घोरू लागले. लाकूडतोडे आले, तेव्हा तिने ओठांवर बोट ठेवून त्यांना बसवलं. आळीतली ठोकाठोकही थांबली.

दिवेलागणीला रंगराव जागे झाले आणि कडाडले, "झाड अजून उभं कसं?"

यमुनाक्का हात जोडून म्हणाली, "कारभारी, हुकूम झाड तोडायचा होता. पहिल्याच घावाला आपली झोप मोडली असती, आणि ती मोडायचा हुकूम कुणाकडेच नव्हता."

रंगरावांनी वर पाहिलं. मग शेजारच्या खाटेवर शांत झोपलेल्या तिच्या म्हाताऱ्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज आपसूक खाली आला.

"बग्गी वेशीवरच थांबेल," ते लाकूडतोड्यांना म्हणाले. "आणि हळू जा, ते झोपलेत."