चौतीसांतली सात

“म्हणजे चौतीसांतली सातच?” बाईंनी विचारलं.

“सातच. बाकीची सत्तावीस ठार बेसुरी आहेत, बाई.”

रविवारची सकाळ होती. मी बाईंच्या मिरजेच्या घरी तंबोऱ्याच्या तारा बदलत बसले होते. बाई म्हणजे आमच्या गाण्याच्या गुरू, वय वर्षं एक्याऐंशी. आणि त्यांच्यासमोर बसला होता तो माझा गुरुबंधू, यशोधन कित्तूरकर. विशारदला सुवर्णपदक मिळाल्यापासून हा माणूस साधा जिनासुद्धा मैफलीला निघाल्यासारखा चढतो.

जूनपासून त्याला एका प्राथमिक शाळेत संगीत शिकवायला नेमलं होतं. शाळेनं यंदा दुसरीपासूनच खास विषय सुरू केले होते. संगीत, मातीकाम, मल्लखांब, प्रत्येकाला त्यातला वेगळा शिक्षक. दुसरीच्या वर्गातलं कोण संगीतात राहणार याची यादी त्यानं उद्या मुख्याध्यापिकांना द्यायची होती.

“आणि न राहणारी?”

“त्या तासाला शुद्धलेखन लिहितील. मातीकाम नि मल्लखांबाच्या जागा भरल्यात.”

“किती दिवस?”

“चौथीपर्यंत.”



मला राहवेना. तिसरीत असताना एका मास्तरांनी मला सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस. त्यानंतर बाईंच्या दारात यायला मला तीस वर्षं लागली. ते मी यशोधनला तोंडावर सांगितलं.

“ताई, तुमची गोष्ट वेगळी,” तो म्हणाला. हे त्याचं ठरलेलं उत्तर. अस्सा राग आला मला!

बाईंनी हात पुढे केला. त्यानं खिशातून यादी काढून दिली. सुबक अक्षरात चौतीस नावं. सत्तावीस नावांपुढे फुल्या.

“या तस्लीमपुढे दोन फुल्या का?”

यशोधनचा चेहरा आंबट झाला.

“तस्लीम मुजावर. आगाऊ मुलगी आहे, बाई. शाळेची वंदना म्हणताना सारखी सुरातून भरकटत होती. मी म्हटलं, तस्लीम, पट्टी सोडू नकोस. पट्टी धरून ठेव. तर हिनं काय करावं? दप्तरातनं लाकडी पट्टी काढली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरली! सगळा वर्ग फिदीफिदी हसायला लागला. मला चिडवते म्हणून मी तिला बाहेर उभी केली.”

मी हसू दाबलं. बाई हसल्या नाहीत.

“बाहेर गेल्यावर तिनं पट्टी खाली ठेवली?”

“…नाही.”

“किती वेळ धरून होती?”

“तास संपेपर्यंत.”

आता माझं हसू गेलं. सात वर्षांची पोर, दाराबाहेर उभी, आणि सरांनी सांगितलं म्हणून पट्टी सोडत नाही. माझे हात तारेवरच थांबले.

“तुझ्या गळ्याची पट्टी कुठली रे?” बाईंनी विचारलं.

“काळी एक. तुम्हीच तर दिलीत.”

“आणि वर्गात पेटीवर कुठली धरतोस?”

“काळी एक.”

“हं…”

बाईंनी पेटी जवळ ओढली, भाता सोडला आणि काळी पाचवर बोट ठेवलं.

“म्हण वंदना.”

“बाई, ही पट्टी माझी—”

“म्हण.”

गुरूपुढे नाही कसं म्हणणार? त्यानं सा लावला, तो लागला. गंधारापर्यंत गेला. पंचमावर गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या आणि त्याच्या वर आवाज असा चिरकला, की खिडकीतलं मांजर उठून गेलं.

“खालच्या सप्तकातून म्हणतो,” तो घाईघाईनं म्हणाला.

खालून म्हटलं. दुसऱ्या ओळीला चाल खर्जात उतरली आणि सुवर्णपदकाच्या गळ्यातनं नुसती घरघर आली.

खरं सांगते, मला आनंद झाला. चांगला माझ्या मांडीवरचा तंबोरा हलेपर्यंत झाला.

बाईंनी पेन्सिल घेतली. यादीच्या तळाशी, चौतिसाव्या नावाखाली, पस्तिसावं नाव लिहिलं. यशोधन कित्तूरकर. आणि त्याच्यापुढे ठसठशीत फुली मारली.

“बाई!” तो जवळजवळ ओरडलाच. “माझा गळा त्या पट्टीचा नाहीये! दुसऱ्याच्या पट्टीत म्हणायला लावलंत तर कुणीही…”

तो थांबला.

…

खाली रस्त्यावर भाजीवाली दोडके घ्या, दोडके, म्हणून ओरडत गेली. तिचा सूर अगदी स्वच्छ लागला होता.

यशोधन यादीकडे बघत होता. मग त्यानं पेन्सिल मागितली. आधी मला वाटलं, स्वतःची फुली खोडणार. तो वरून सुरुवात करून एकेक फुली खोडत खाली आला. तस्लीमच्या दोन्ही खोडल्या. स्वतःची तेवढी ठेवली.

“मुख्याध्यापिका ऐकायच्या नाहीत,” तो म्हणाला. “जागा वीसच आहेत म्हणतात.”

“तू काय म्हणशील?”

“म्हणेन… चौतीस बसतात. सतरंजी मी घरून आणतो.”

बाईंनी मान हलवली. त्याच्या आवाजात आता मैफल नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो मला लहान भावासारखा वाटला.

तो पाया पडला, उठला आणि दारापर्यंत जाऊन परत वळला.

“पण बाई, इतक्या लहान गळ्यांना सूर कसा द्यायचा, ते मला कुणी शिकवलंच नाही. उद्या वर्गात गेल्यावर सुरुवात कुठून करू?”

बाईंनी पेटीचा भाता बंद केला.

“तस्लीमकडे तिची पट्टी माग,” त्या म्हणाल्या. “आणि घेताना दोन्ही हात पुढे कर.”